पहिला कोण, हा प्रश्न सोडून देऊ : लुई बाशेलिए यांचं मूल्यमापन

आज एकाच माणसाचा हिशोब मांडायचा आहे. लुई बाशेलिए, फ्रेंच गणिती. 29 मार्च 1900 रोजी पॅरिसमध्ये त्यांनी सट्टेबाजीच्या गणितावरचा प्रबंध परीक्षकांपुढे मांडला. आज ऑप्शनचे भाव काढण्याच्या शास्त्राची वंशावळ तिथपर्यंत नेतात. पण हे योगदान मोठं म्हणायचं, ते कशाच्या आधारावर?

नेहमीचं उत्तर असं, की आइन्स्टाइनच्या पाच वर्षं आधी त्यांनी ब्राउनियन गतीचं गणित केलं. मला हे कौतुक पटत नाही. आइन्स्टाइनला रेणूंचं अस्तित्व दाखवायचं होतं. बाशेलिएंना सरकारी कर्जरोख्यांवरच्या ऑप्शनचा भाव काढायचा होता. गणित सारखं, प्रश्न निराळे. शर्यतच एक नव्हती, तर पहिला कोण आला हे विचारून काय मिळणार?

दुसरी कसोटी प्रभावाची. 1931 साली कोल्मोगोरोव्हनं त्यांचा उल्लेख केला, पण अर्थशास्त्रज्ञांना ते माहीतच नव्हते. 1946 मध्ये बाशेलिए वारले. पुढच्या दशकात संख्याशास्त्रज्ञ सॅव्हेज यांच्यामुळे सॅम्युएल्सनचं त्यांच्याकडे लक्ष गेलं, आणि 1973 मध्ये ब्लॅक-शोल्स सूत्र आलं. म्हणजे बघा, प्रबंधातलं एक अक्षर बदललं नाही, पण ‘प्रभाव’ शून्यावरून आभाळाला गेला. हा लेखकाइतकाच वाचकांचाही इतिहास झाला.

तिसरी कसोटी सत्याची. इथे दोन दोष सांगतात. त्यांच्या मांडणीत भाव शून्याखाली जाऊ शकतो. आणि मोठे हेलकावे प्रत्यक्षात असतात त्यापेक्षा दुर्मीळ दिसतात. दुसरा दोष मँडेलब्रोटनं 1963 मध्ये कापसाच्या भावांवरून दाखवला. पहिला सॅम्युएल्सननं दुरुस्त केला, भावातल्या टक्केवारीच्या बदलाचं गणित करून. आणि गंमत म्हणजे 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. आपल्या मुंबईच्या एमसीएक्सवरही तो करार उणे 2,884 रुपयांना मिटवला गेला. शिकागोच्या सीएमईनं तेलाच्या ऑप्शनसाठी बाशेलिएंचंच प्रारूप पुन्हा काढलं! पण याला दूरदृष्टी म्हणू नका, योगायोग म्हणा. प्रारूप बरोबर की चूक, हे ते कुठल्या बाजाराला लावता त्यावरही ठरतं.

मग उरलं काय? माझ्या मते मुख्य तेच उरलं. बाशेलिए म्हणाले, प्रत्येक क्षणी घेणारा आणि विकणारा दोघंही असतात. म्हणून चालू भावाला सट्टेबाजाचा अपेक्षित नफा शून्य धरावा. एकदा हे मानलं, की भाव कुठे जाईल हा प्रश्न सुटतो आणि किती पसरेल हा प्रश्न हाती येतो. त्यांचं उत्तर : काळ चौपट, तर पसारा दुप्पट. उत्तरात पुढे दुरुस्त्या झाल्या, प्रश्न टिकला. भविष्य कळत नाही, हे रडगाणं न गाता त्या अज्ञानालाच त्यांनी माप लावलं. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यातच त्यांचं मोठेपण दिसतं.

हे सगळं पुस्तकी नाही बरं का. प्वँकारेंचा अहवाल चांगला होता, तरी प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. 1926 मध्ये दिजाँची जागा हुकली. पॉल लेव्ही यांनी त्यांच्या लेखनाचा एक तुकडा पाहून त्यात चूक आहे असं मत दिलं होतं. लेव्हींना पुढे आपली गफलत कळली आणि त्यांनी खेदही व्यक्त केला. पण बाशेलिए तेव्हा साठीच्या घरात होते.

मीही निवड समित्यांवर बसलो आहे. पूर्ण न वाचता मान डोलावली आहे, नकारही दिला आहे. म्हणून सांगतो, कुणाचं काम जोखताना तो पहिला होता का, किती जणांनी त्याचा हवाला दिला, हे मागाहून विचारा. आधी विचारा, या कामानंतर असा कुठला प्रश्न विचारता येऊ लागला, जो आधी विचारता येत नव्हता? आणि त्याचं उत्तर पूर्ण वाचल्याशिवाय देऊ नका.