पुस्तक जप्त करण्यापूर्वी

रत्नागिरीत जून लागला की मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्या विसावतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, आणि समुद्रातून पाण्याचे व प्लवकांचे नमुने आणून त्यावर काम करणारे आमच्यासारखे संशोधकही किनाऱ्यावर अडकून पडतात. हे दोन महिने जुन्या नोंदी तपासण्यासाठी असतात. नोंदी आम्ही तपासतो; पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त वेळ कथा-कादंबऱ्या वाचण्यात जातो. ज्या गावात १८२८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे आणि महाराष्ट्रातले सर्वात जुने म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तिथे याबद्दल फारशी लाज वाटण्याचे कारण नाही.

गेल्या पावसाळ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. आठवीतला एक मुलगा तास चालू असताना बाकाखाली नारायण धारपांची कादंबरी धरून वाचत होता, ती त्यांनी काढून घेतली होती. “सर, आम्ही वर्गात अंधश्रद्धेबद्दल बोलायचे आणि मुलांनी घरी जाऊन हे वाचायचे. त्यापेक्षा तुम्ही मला चांगल्या विज्ञानकथांची यादी द्या,” असे त्या म्हणाल्या. आम्ही लगेच हो म्हटले. ती यादी करताना आमची जी पंचाईत झाली ती शिक्षक मित्रांपुढे मांडावी, म्हणून हे टिपण.

आपल्या मनात पुस्तकांची कपाटे ठरलेली असतात. विज्ञानकथेने वैज्ञानिक दृष्टी येते, गुप्तहेरकथेने तर्क वाढतो, भयकथेने बुद्धी भ्रष्ट होते, आणि ग्रामीण किंवा प्रादेशिक कादंबरी हा मराठीच्या बाईंचा प्रांत. आम्ही ही कपाटे बाजूला ठेवली आणि प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारायचे ठरवले. या पुस्तकात एखादी गोष्ट खरी आहे हे कोणाला आणि कशावरून कळते? त्याचे चुकत असेल तर ते उघडकीला यायला काही वाट ठेवली आहे का? प्रयोगशाळेत आम्ही एकमेकांना दुसरे काय विचारतो?

सुरुवात गुप्तहेरांपासून केली, कारण आमचे स्वतःचे वाचन तिथूनच सुरू झाले. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे उच्चारली की आमच्या वडिलांच्या पिढीचे डोळे अजून चमकतात. आम्हीही शाळेत असताना या पुस्तकांपायी छड्या खाल्ल्या आहेत. इतक्या वर्षांनी पुन्हा वाचताना वेग तसाच जाणवला; पान उलटल्याशिवाय राहवत नाही. मात्र तर्क शोधायला गेलो तर हाताला फारसा लागला नाही. नायक वेषांतर करतो, धाडस करतो, त्याला वेळेवर सुगावा लागतो. तो कसा लागला हे ताडून पाहण्याइतका पुरावा वाचकाच्या हाती क्वचितच पडतो. वाचनाची गोडी लावण्याचे अर्नाळकरांचे उपकार आम्ही विसरणार नाही, पण त्यांना तर्कशास्त्राचे मास्तर म्हणणे हा त्यांच्यावरही अन्यायच होईल.

मग होम्सकडे वळलो. कॉनन डॉयलची बास्करव्हिल्सच्या शिकारी कुत्र्याची कादंबरी १९०१–०२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. कोकणातल्या वाचकाला ती परकी वाटू नये, कारण एका घराण्यामागे लागलेले भूत हाच तिचा विषय आहे. शेवटी भुताच्या जागी जबड्याला फॉस्फरस फासलेला खराखुरा कुत्रा निघतो. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी इथे जरूर थांबावे. पांढरा फॉस्फरस विषारी असतो आणि हवेत आपोआप पेट घेतो. तो तोंडाला फासलेला कुत्रा दुसऱ्याचा जीव घेण्याआधी स्वतःच संपला असता. डॉयल स्वतः डॉक्टर होते. ‘खास मिश्रण’ असे म्हणून ते सुटले आहेत. तरीही पुरावा वाचकासमोर मांडण्याची त्यांची पद्धत अर्नाळकरांपेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे, आणि चूक काढता येते ती त्यामुळेच. गंमत पुढे आहे. हेच डॉयल १९२० मध्ये इंग्लंडमधल्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानून बसले. त्या चित्रांत कागदी आकृत्या होत्या, हे त्यांतल्या एकीने १९८३ मध्ये, म्हातारपणी, कबूल केले. होम्ससारखा नायक निर्माण करणाऱ्यालाही तर्काची लस कायमची लागू पडली नव्हती.

आता विज्ञानकथा. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली. कथेला बक्षीस मिळाले. परीक्षकाला लेखक कोण हे कळू द्यायचे नाही ही शास्त्रीय नियतकालिकांना परिचित असलेली खबरदारी त्यांनी कथेच्या बाबतीतही पाळली, याचे आम्हांला कौतुक वाटते.

त्यांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा आमच्या मते शिक्षकांसाठी सोन्यासारखी आहे. अवकाशातून मोबियसच्या पट्टीसारखा फेरा मारून आलेली वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटते, एवढे एकच गृहीत धरायचे. मग उजव्या हाताने गोलंदाजी करणारा डावखुरा होतो, डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. बाकीचे सगळे त्या एका गृहीतातून निघते. बाईंनी हे वर्गात करून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आल्या, की हात काही उलटत नाही. त्यांनी साधा कागद घेतला होता. एका टोकाला अर्धा पीळ देऊन चिकटवलेल्या पट्टीवर उजव्या पंजाची आकृती काढत काढत पुढे गेलो, तर एक फेरा पूर्ण झाल्यावर आपण कागदाच्या मागच्या बाजूला येतो. गणितातल्या पृष्ठाला जाडी नसते, कागदाला असते. ट्रेसिंग पेपरची पट्टी घ्या. आरपार दिसत असल्यामुळे पहिल्या उजव्या पंजाजवळ येऊन पोचलेला पंजा डावा झालेला स्पष्ट दिसतो.

यातूनच पुढचा प्रश्न मुलांना विचारता येतो. असा उलटलेला माणूस घरी येऊन वरणभात जेवला तर काय होईल? आपल्या शरीरातली प्रथिने ‘डाव्या’ घडणीच्या अमिनो आम्लांची असतात, आणि भातातल्या पिष्टाचे ग्लुकोज ‘उजव्या’ घडणीचे. ते पचवणारी विकरे हातमोज्यासारखी एकाच घडणीला बसतात. त्या गृहस्थाची विकरे उलटलेली असणार. म्हणजे ताट भरलेले आणि माणूस उपाशी. पाणी आणि मीठ मात्र चालेल, त्यांना डावे-उजवे नसते. लुईस कॅरॉलच्या ॲलिसलाही १८७१ मध्ये आरशापलीकडचे दूध पिण्याजोगे असेल का, ही शंका आली होती. पाश्चरने आरशातल्या जोडीसारखे दोन प्रकारचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले ते त्याआधी, १८४८ मध्ये. पोरांसाठी लिहिलेली परीकथा आणि स्फटिकशास्त्र इतकी शेजारी शेजारी राहतात.

नारळीकरांच्याच ‘धूमकेतू’ या कथेबद्दल मात्र आमचे समाधान झाले नाही. आणि ती तर अंधश्रद्धेविरुद्धची कथा म्हणून बहुतेक यादीत पहिली असते! एका बंगाली हौशी आकाश-निरीक्षकाला, दत्तदांना, नवा धूमकेतू सापडतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. वैज्ञानिक गुप्तपणे एकत्र येतात आणि यान पाठवून त्याला वाटेवरून थोडा ढकलतात. इकडे दत्तदांच्या घरी अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ होतो, आणि संकट टळल्याचे श्रेय घरचे लोक यज्ञाला देतात. विज्ञान पक्के आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘नासा’चे ‘डार्ट’ यान डिमॉर्फोस या छोट्या पिंडावर आदळवले, तेव्हा त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा प्रदक्षिणाकाल सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. ढकलण्याची कल्पना कागदावरची राहिली नाही. वाचक दत्तदांच्या बाजूने हसतो. पण आमचा ठरलेला प्रश्न इथे लावून पाहा. मोहीम जगापासून लपवलेली आहे. घरच्या माणसांना ठाऊक असलेल्या गोष्टी दोनच: संकट येणार असे कानावर आले, आणि यज्ञ झाल्यावर ते आले नाही. त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे, पण चूक उघडकीला येण्याची वाट वैज्ञानिकांनीच बंद केली होती. कथा याबद्दल वैज्ञानिकांना जाब विचारत नाही. वर्गात ही कथा वाचून ‘बघा, अडाणी लोक’ एवढेच शिकवले जाणार असेल, तर आम्हांला ती यादीत नको.

धारपांकडे आम्ही थोड्या धाकानेच वळलो. ते स्वतः रसायन तंत्रज्ञान शिकलेले होते, आणि त्यांच्या भयकथांतही तो नेटकेपणा दिसतो. अमंगळ शक्तीला नियम असतात आणि ते नियम ते मध्येच मोडत नाहीत. बिघाड आहे तो समर्थांत. समर्थ येतात, त्यांना सारे आधीच ज्ञात असते, आणि इतरांनी फक्त ऐकायचे असते. भुतांपेक्षा हे आम्हांला जास्त खटकले. एवढी जाण मुलाला असली तर भुताची गोष्ट त्याने खुशाल वाचावी.

याच अदृष्टाचा अनुभव देणारी, पण अभिजात म्हणून मान मिळालेली कादंबरी म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६). वेंगुर्ल्याजवळचा तो खडकाळ किनारा १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता. इथे आपल्याला वर मिळाला असे मानणारा माणूस आहे, आणि समर्थांसारखी खात्री त्याला कुठूनच मिळत नाही. खूण कोणती, तिचा अर्थ काय, हे त्याचे त्यालाच लावावे लागते; आणि लावलेल्या अर्थाची किंमत दुसऱ्या माणसांना मोजावी लागते. तपासून न पाहिलेला अंदाज किती महाग पडतो, हे आम्ही कोणत्याही विज्ञानकथेत इतक्या जवळून पाहिलेले नाही. आठवीच्या मुलासाठी ही कादंबरी नाही. बाईंसाठी आहे.

आणि श्री. ना. पेंडसे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा माणूस नोकरीनिमित्त मुंबईत राहिला आणि लिहीत राहिला कोकणाबद्दल. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन खंडांची आहे. जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या अनेक पिढ्या तीत येतात. गावात अशा घराण्याच्या घसरणीला शाप म्हणायची पद्धत आहे. पेंडसे निकाल देण्याची घाई करत नाहीत. जमीन, सत्ता, हट्ट, नव्या काळाची चाहूल हे सगळे पिढ्यानपिढ्या नोंदवत जातात, आणि कारण शोधण्याचे काम वाचकावर सोपवतात. एकाच खाडीचे नमुने वर्षानुवर्षे घेतल्याशिवाय तिथली मासळी का घटली हे सांगता येत नाही, हे आम्ही नोकरीत शिकलो. इतका लांब नोंदपट मराठी कादंबरीत क्वचित सापडतो. ज्यांना दोन खंडांची धास्ती वाटते त्यांनी ‘हद्दपार’ (१९५०) घ्यावी; तिचे नायक राजेमास्तर शाळामास्तरच आहेत, आणि शिक्षकांना ते कधी आवडतील, कधी टोचतील.

बाईंनी धारपांचे पुस्तक मुलाला परत दिले. अट एकच घातली, की पुस्तकात कोणाला काय कशावरून कळले ते वहीच्या एका पानावर लिहून आणायचे. त्याने आणलेल्या पानावर डाव्या बाजूला नऊ गोष्टी आहेत. उजव्या बाजूला पाच ठिकाणी ‘समर्थांना माहीत होते’ असे लिहिले आहे, आणि पाचव्यानंतर कंसात एक प्रश्नचिन्ह. यादी अजून पुरी झालेली नाही. तिच्यात सध्या सहा पुस्तके आहेत, त्यांतले विज्ञानकथांचे एक.