हौस, सवड आणि आपली कथा

‘हौसेपोटी लिहिणारा’ हे शब्द आपल्या वर्तुळात दूषणासारखे वापरले जातात. ज्याच्या लेखनामागे चळवळीचा हेतू नाही, ज्याला पुस्तक काढायचे नाही, पुरस्कार नको, व्यासपीठ नको, जो रात्री जेवणानंतर वहीत गोष्ट लिहितो आणि वही ट्रंकेत टाकतो, त्याचे काय करायचे हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. पांढरपेशा समीक्षक त्याला ‘हौशी’ म्हणून बाजूला सारतो. आपला कार्यकर्ता ‘समाजाला याचा काय उपयोग?’ असे विचारून बाजूला सारतो. वही दोन्हीकडून बंदच होते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातला पहिला पदवीधर आहे. अशा वह्या दरवर्षी माझ्यापुढे येतात. त्या लिहिणारी मुले-मुली वस्तीतली आहेत, तांड्यावरची आहेत, काही दिवसा काम करून शिकणारी आहेत. म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रंजनवादी कथेविरुद्ध दलित साहित्याने उभा केलेला नकार रास्त होता. ‘मासिक मनोरंजन’ १८९५ साली निघाले, त्याचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली आला. तेव्हापासून मराठी कथा ज्या घरात वाढली त्या घरात दुपार होती, पगार होता, दिवा होता. पुढे फडके आणि खांडेकर यांच्या नावाने ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद गाजला. परंतु लेखकाला बसून लिहिण्याइतकी सवड कुठून मिळते, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीतच धरली. ज्याने त्याच्या दाराशी झाडू मारला, ज्याने त्याची मोळी वाहिली, त्याची दुपार कुठे गेली हे त्या वादाने विचारले नाही. त्या कथेची हौस दुसऱ्याच्या श्रमावर उभी होती. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला आणि दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली, तेव्हा मराठी वाचकाला प्रथमच त्या झाडूचा आवाज ऐकू आला.

परंतु यावरून हौस ही शत्रूच्या छावणीतली वस्तू आहे असा निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. दोष हौसेचा नव्हता, सवडीच्या मक्तेदारीचा होता. आणि सवड ही आपल्या लढ्याची जुनी मागणी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभारली. १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळाली. ती सुटी मागणारा माणूस सत्यशोधक होता, ‘दीनबंधु’चा संपादक होता. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात केंद्रात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने आणलेल्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९४५ साली, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. कारण उघड आहे : पशूप्रमाणे राबणाऱ्याला सवड नाही, आणि सवडीवाचून संस्कृतीचे जीवन नाही. लोकशाहीने ते प्रत्येकाला दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. आता ती सवड मिळाल्यावर माणसाने तिचे काय करावे, याचीही वरून आज्ञा यावी काय? बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते. त्यांना मैफल गाजवायची नव्हती. त्या व्हायोलिनचा चळवळीला उपयोग काय, असा हिशेब आपण मांडत नाही. मग वहीतल्या गोष्टीचाच का मांडतो?

आज आपल्या मुलाकडून एकच माल मागितला जातो, तो म्हणजे अनुभव. संपादक म्हणतो, ‘तुमचे भोगलेले लिहा.’ वर्गातला सहृदय शिक्षकही तेच म्हणतो. मुलाने भुताची गोष्ट लिहिली, गुप्तहेराची लिहिली, चंद्रावरच्या वसाहतीची लिहिली, तर दोघेही ओशाळवाणे हसतात. म्हणजे इतरांना कल्पनाशक्ती आहे आणि आपल्याला फक्त साक्ष आहे! साक्षीची गरज होती, अजूनही आहे. पण जन्मभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहणे ही मुक्ती नव्हे. अण्णाभाऊ साठ्यांकडे पाहा. ते हौसेने लिहिणारे नव्हते, लेखणीवर पोट होते. तरी त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत प्रेम आहे, थरार आहे, घोडदौड आहे. ‘फकिरा’ १९५९ सालची. तिच्यातल्या रंजनाने तिचा विद्रोह पातळ केला असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

इथवर मी हौसेची बाजू घेतली. आता तिची झडती घेतो, कारण बिनहेतूची गोष्ट निष्पाप असते असे मुळीच नाही. हेतू नसलेल्या जागी उसना हेतू येऊन बसतो. माझ्यापुढे येणाऱ्या बऱ्याच वह्यांत नायकाला आडनाव नसते. घरापुढे अंगण असते, अंगणात तुळशीवृंदावन असते, आई देवघरात असते. लिहिणाऱ्याच्या घराला अंगण नाही आणि त्याची आई पहाटे पाचला हजेरी लावायला जाते. त्याने खोटे बोलायचे ठरवलेले नसते. वाचलेल्या गोष्टींनी त्याच्या हाताला जी सवय लावली, ती हात गिरवतो. त्याला वाटते आपण मजेखातर लिहितो, पण ती मजाही दुसऱ्याच्या घरातून आणलेली असते. तेव्हा हौशी कथेला मी ‘उद्देश काय?’ असे विचारत नाही. ‘हे कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेस?’ एवढे विचारतो.

एका विद्यार्थिनीची गोष्ट उदाहरणादाखल सांगतो. वस्तीतल्या नळावर एका बाईचा नंबर त्या दिवशी लवकर लागतो. हंडे भरून होतात. घरी जायला पाऊण तास आहे. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्यांचे आकडे वाचते. अक्षरे तिला येत नाहीत, आकडे येतात. एका गाडीचा आकडा तिच्या खोलीच्या नंबराइतकाच निघतो, तेव्हा ती हसते. मग उठते. गोष्ट संपली. मारहाण नाही, भाषण नाही, शेवटी मशाल नाही. आमच्या अभ्यासमंडळात एकाने विचारले, ‘यात विद्रोह कुठे आहे?’ माझे उत्तर असे की तो पाऊण तास हीच त्या गोष्टीची वस्तू आहे. ज्या बाईचा क्षणन्‌क्षण कोणाच्या तरी मालकीचा, तिच्या हाती स्वतःचे पंचेचाळीस मिनिटे आली आणि तिने ती काहीही न मिळवता खर्च केली. हे लिहायला घोषणा लागली नाही, पण नळाची रांग ठाऊक असावी लागली. आणि ही गोष्ट कुठल्या स्पर्धेसाठी लिहिलेली असती तर शेवटी त्या बाईला कोणीतरी नक्की मारले असते.

राहिला प्रश्न महत्त्वाकांक्षेचा. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली, त्यांत पहिले यश आणि दुसरे धन. ज्यांच्या घरी ही दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांनी ‘मी केवळ स्वान्तःसुखाय लिहितो’ म्हटले की ते विनयासारखे दिसते. आपला मुलगा ‘मला काही व्हायचे नाही सर, असेच लिहितो’ म्हणतो, तेव्हा मात्र कान देऊन ऐकले पाहिजे. याचे दोन अर्थ असतात. एक, त्याला खरोखरच गोष्टीत रमायचे आहे. दुसरा, ‘आपले कोण छापणार?’ हा धाक त्याने वैराग्य म्हणून पांघरला आहे. पहिली निरिच्छता हे स्वातंत्र्य आहे, दुसरी शतकांची जखम आहे. वरून दोन्ही सारख्या दिसतात. त्यांतला फरक ओळखणे हे शिक्षकाचे, संपादकाचे आणि कार्यकर्त्याचे काम आहे. छापून येण्याची वाट खुली असेल तेव्हाच न छापण्याच्या निवडीला अर्थ येतो.

आणि ही निवड करायला लागणारी सवड पुन्हा आक्रसत चालली आहे. पदवीधर मुलगा तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालये धावतो. मुलगी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालवते आणि गोष्ट लिहिली तर वेळ वाया गेला म्हणून मनात खंत बाळगते. कंत्राटी सफाई कामगाराची सुटी कंत्राटदाराच्या मर्जीवर असते. या काळात बिनकामाची एक गोष्ट लिहिणे म्हणजे आपला एक तास आपला आहे असे सांगणे होय. त्याने क्रांती होत नाही, तसा माझा दावाही नाही. पण ज्या समाजाला एक तासही स्वतःचा म्हणता येत नाही तो क्रांती कोणासाठी करणार?

म्हणून वसतिगृहांतल्या, वाचनालयांतल्या, अभ्यासमंडळांतल्या मित्रांना माझी साधी सूचना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. बक्षीस नको, परीक्षक नको, अध्यक्षीय समारोप नको. ज्याने जी गोष्ट लिहिली ती त्याने वाचावी. नायकाचे आडनाव कुठे गेले, अंगण कुणाचे, हे जरूर विचारा, आणि निर्भीडपणे विचारा. ज्याला छापायचे आहे त्याला पत्ता द्या. ज्याला छापायचे नाही त्याची वही त्याला परत द्या, आणि पुढच्या महिन्यात दुसरी गोष्ट घेऊन ये म्हणून सांगा.