हिर्डोशीचा दगड 'अचुंबकीय' कसा?

सहावीच्या सामान्य विज्ञानात 'चुंबकाची गंमत' नावाचा धडा आहे. धडा वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. चुंबक दोऱ्याला टांगा, दिशा बघा, टाचण्या उचला, तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन ध्रुव आहेत का ते तपासा. सातवीत 'चुंबकीय क्षेत्राचे गुणधर्म' येतात. आठवीत आणि दहावीत तारेतून वीज जाते, कुंतल येतं, मोटर आणि जनित्र येतं. नववीत चुंबक जवळपास सुट्टीवर. माझी तक्रार या धड्यांमध्ये काय लिहिलंय याबद्दल कमी आहे. ते कुठे थांबतात याबद्दल जास्त आहे.

कारण बघा. पदार्थाचा चुंबकीय गुणधर्म म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मुलांना सहावीत भेटतो आणि तिथेच सुटला असं गृहीत धरलं जातं. चुंबकाला चिकटतं ते चुंबकीय, चिकटत नाही ते अचुंबकीय. लोखंड, निकेल, कोबाल्ट एका रकान्यात, बाकी जग दुसऱ्या रकान्यात. यानंतर हा विषय नीट उघडतो तो थेट बारावीच्या भौतिकशास्त्रात, तोही विज्ञान शाखा घेतली तर, आणि जवळजवळ सगळीकडे इंग्रजीतून. म्हणजे मराठी माध्यमातून दहावी होऊन आयटीआयला, कॉमर्सला किंवा शेतीत गेलेल्या मुलासाठी सहावीतली ती दोन रकान्यांची वही हाच शेवटचा शब्द ठरतो.

आणि तो शब्द घरच्या भांड्यांसमोरसुद्धा टिकत नाही. चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या, ज्याला दुकानदार ३०४ म्हणतो. त्यात ७० टक्क्यांच्या आसपास लोखंड आणि साधारण ८ टक्के निकेल. पहिल्या रकान्यातले दोन मानकरी एकाच डब्यात, तरी चुंबक चिकटत नाही. उलट सध्याची एक रुपयाची नाणी बिननिकेलच्या स्टीलची, ती टपकन चिकटतात. १९९२ च्या आधीची जाड एक रुपयाची नाणी ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेलची होती. कुणाच्या आजीच्या डब्यात सापडली तर चुंबक लावून बघा, ढिम्म हलत नाहीत. थोडक्यात, कुठलं मूलद्रव्य आहे यावर हे ठरत नाही. अणू एकमेकांशेजारी कसे बसलेत, यावर ठरतं. एवढं एक वाक्य सातवीच्या मुलाला सांगायला काय हरकत होती?

आता हिर्डोशी. भोरहून वरंध घाटाकडे जाताना नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो, तिथलं हे हिर्डस मावळातलं गाव. माझी पीएचडी दख्खनच्या दगडांच्या चुंबकत्वावर असल्यामुळे या रस्त्यावर माझं येणंजाणं असतं. आजूबाजूला जे काही उभं आहे ते सगळं बेसाल्ट: बांध, पायऱ्या, देवळाचं जोतं, डोंगर. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत गेले आणि त्यातून हा मुलूख झाला. या परिसरातल्या एका मुलीच्या वहीत मी वर्गीकरणाचा तक्ता पाहिला. दगड: अचुंबकीय. बाईंनी बरोबरची खूण केलेली. बाईंचा दोष नाही, अपेक्षित उत्तर तेच आहे.

पण हा दगड अचुंबकीय नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडचे, बहुतेक वेळा टायटॅनियम मिसळलेले, बारीक कण असतात. निओडिमियमचा छोटा चुंबक (खराब झालेल्या इअरफोनमधूनही निघतो) दोऱ्याला बांधून काळ्या दगडाजवळ न्या, तो दगडाकडे झुकतो. शाळेच्या पेटीतला जुना पट्टीचुंबक नेला तर काहीच दिसणार नाही. याचा अर्थ तो तक्ता एकट्या पदार्थाबद्दल काही सांगतच नाही, तुमच्या हातात कुठला चुंबक होता हेही त्याच उत्तरात मिसळलेलं असतं. चुंबकत्व हो किंवा नाही असं नसतं, किती ते विचारायचं असतं. तापमानाच्या बाबतीत आपण मुलांना 'गरम' आणि 'गार' अशा दोन रकान्यांवर दहावीपर्यंत ठेवत नाही, लवकरच थर्मामीटर हातात देतो. इथे मात्र ठेवतो.

एक गंमत त्याच पुस्तकातून घेता येईल. सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण होतं, म्हणून प्रतिकर्षण हीच चुंबक असल्याची खरी कसोटी, असं आपण सगळे घोकलेलो आहोत. मग ही कसोटी दगडाला लावा. चुंबकसूचीच्या एका टोकाजवळ डोक्याएवढा बेसाल्टचा धोंडा आणा आणि हळूहळू फिरवा. सगळ्याच बाजूंनी सूची दगडाकडेच ओढली गेली, तर दगड फक्त आकर्षिला जाणारा पदार्थ. एका बाजूने ओढली गेली आणि दुसऱ्या बाजूने ढकलली गेली, तर तो स्वतःच चुंबक. फरक बहुतेकदा एक-दोन अंशांचाच दिसतो, त्यामुळे धीर हवा. माथ्यावरच्या, वीज पडलेल्या दगडापाशी मात्र सूची चांगलीच भरकटते. सूची नसेल तर मोबाइलमधला चुंबकीय संवेदक चालतो: आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला येतं, दगड जवळ आणला की आकडा थोडा हलतो. लोहकीस मिळत नाही म्हणून प्रयोग राहिला, ही सबबसुद्धा इथे चालत नाही. ओढ्यातल्या वाळूत पिशवीत गुंडाळलेला चुंबक फिरवा, काळे कण मिशांसारखे उभे राहतात.

दगड स्वतः चुंबक झाला कसा? इथे मला पुस्तकाबद्दल खरी हळहळ वाटते, कारण अर्धं उत्तर त्यात आहेच. चुंबक तापवला तर चुंबकत्व जातं, हे सहावीत येतं. येतं कसं, तर काळजी घ्यायच्या सूचनांमध्ये: आपटू नका, तापवू नका. विस्तव जपून वापरा, त्याच सुरात. खरं तर ही सूचना नाही, हा विषयाचा गाभा आहे. प्रत्येक लोहचुंबकीय पदार्थाला एक ठरावीक तापमान असतं, त्याला क्यूरी तापमान म्हणतात. लोखंडाचं ७७० अंश सेल्सिअस, निकेलचं ३५८ च्या जवळ, मॅग्नेटाइटचं ५८० च्या जवळ. त्याच्या खाली शेजारशेजारचे अणू एकमेकांना धरून एका रांगेत राहतात, वर गेलं की उष्णतेची धडपड ती रांग मोडते.

आता हेच उलट वाचा. लाव्हा हजार अंशांच्या वर असतो, तेव्हा त्यात शिल्लक राहणारं चुंबकत्व नसतंच. तो थिजतो, थंड होत क्यूरी तापमानाच्या खाली येतो, आणि त्या वेळी पृथ्वीचं क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा त्या कणांमध्ये गोठून बसते. तापवलं की जातं, म्हणून थंड होताना येतं. पहिलं वाक्य परीक्षेला असतं. दुसऱ्यावर माझं सगळं संशोधन चाललंय.

आम्ही करतो ते थोडक्यात सांगतो. डोंगरातून अडीच सेंटिमीटर जाडीचे दंडगोल काढतो आणि काढण्याआधी त्यांची दिशा मोजतो. ती शक्यतो सावलीवरून, म्हणजे सूर्यहोकायंत्राने, कारण बेसाल्टच्या शेजारी साध्या होकायंत्रावर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. मग प्रयोगशाळेत बाहेरचं क्षेत्र अडवलेल्या भट्टीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा, थंड करायचा, उरलेलं चुंबकत्व मोजायचं. नंतर चिकटलेली चुंबकत्वं, म्हणजे विजेची किंवा आजच्या क्षेत्राची, आधी उडून जातात आणि खालची जुनी दिशा उघडी पडते. पश्चिम घाटातल्या थरांच्या मोठ्या भागात ही दिशा आजच्या उलट निघते: ते थर थिजले तेव्हा होकायंत्र असतं तर त्याचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं.

त्याहून मोठी गोष्ट कलाची आहे. दख्खनच्या दगडांमधली जुनी दिशा क्षितिजाशी साधारण ४५ ते ४८ अंशांचा कोन करते. अक्षांश आणि हा कोन यांचं नातं सोपं आहे: कोनाचा टॅन्जंट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट. सोपं पडावं म्हणून ४५ घेऊ. त्याचा टॅन्जंट १, म्हणून अक्षांशाचा टॅन्जंट अर्धा, म्हणून अक्षांश सुमारे २७ अंश. आणि कोन ज्या बाजूला कललेला आहे त्यावरून तो दक्षिण अक्षांश ठरतो. हिर्डोशी आज १८ अंश उत्तरेला आहे. बेरीज ४५ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे जवळपास ५,००० किलोमीटर. भागिले ६ कोटी ६० लाख वर्षं. वर्षाला साधारण साडेसात सेंटिमीटर. हे गणित दहावीच्या त्रिकोणमितीच्या पलीकडचं नाही, आणि उत्तर असं की गावदेवळाचं जोतं विषुववृत्त ओलांडून आलेलं आहे.

हे काल-परवाचं ज्ञानही नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या दगडांच्या चुंबकत्वावरचा निबंध १९५६ मध्ये छापला, तेव्हा खंड सरकतात हे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. १९५९ मध्ये डॉइच यांच्यासोबत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खन ट्रॅपवरचा निबंध आला. सह्याद्रीचा दगड त्या वादात साक्षीला उभा होता. आपल्या पुस्तकात चुंबकाचा इतिहास मॅग्नेस नावाच्या मेंढपाळाच्या काठीपासून सुरू होतो. चालेल, गोष्ट गोड आहे. पण त्याच पानावर कुलाब्याची गोष्ट का नाही? कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये नानाभॉय मूस यांच्या काळात अलिबागला नवी वेधशाळा झाली आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला गेला. अलिबागच्या इमारतीसाठी दारातला काळा दगड वापरला नाही, पोरबंदरचा दगड तपासून आणला. दहावीचा विद्युतधारेचा चुंबकीय परिणाम आणि पदार्थांचं चुंबकत्व, दोन्ही या एका स्थलांतरात आहेत. ट्रामपासून पळायचं आणि बेसाल्टपासूनही.

शिक्षक मित्रांचं म्हणणं मला माहीत आहे: पोर्शन संपत नाही, त्यात हे कुठे बसवू. बरोबर आहे. म्हणून मी बारावीचा धडा खाली ओढा असं म्हणत नाही. चुंबकीय ग्रहणशीलता, शैथिल्याचा वेटोळा आलेख हे दहावीत नकोच; समजण्याआधी पाठ होईल. मॅग्नेटाइट काटेकोरपणे लोहचुंबकीय नसून फेरीचुंबकीय असतं, हेही सोडून द्या, ते नीट कळायला जगाला १९४८ सालचा नील यांचा सिद्धांत लागला. मला हवाय तो सहावीच्या तक्त्यात तिसरा रकाना, 'थोडंसं', आणि सातवीत क्यूरी तापमान हा शब्द, मराठी वाक्यात. लाल माती आणि काळी वाळू शेजारी ठेवून चुंबक फिरवायला पाच मिनिटं लागतात: दोन्हीत लोहाचं ऑक्साइड, एक जवळजवळ गप्प, एक उडी मारणारं.

त्या वहीतल्या मुलीला मी चुंबक बांधलेला दोरा दिला. तिने तो पायरीजवळ धरला, मग दुसऱ्या पायरीजवळ, मग विचारलं, "सर, मग मी काय लिहू? पेपरात दगड आला तर?" मी सांगितलं, पेपरात अचुंबकीयच लिही. मार्क तिचे आहेत, माझे नाहीत. हा तक्ता बदलत नाही तोवर तिला दुसरं काय सांगणार?