नकाराचा शब्द

सामूहिक हत्याकांडाविषयी लिहिताना ग्रंथकार बहुधा दोहोंपैकी एका वाटेने जातात. एका वाटेवर मारणारे राक्षस ठरतात, दुसरीवर ते एका प्रचंड यंत्राची निर्जीव चाके होतात. दोन्ही वाटा वाचकाच्या सोयीच्या आहेत. कारण आपण राक्षस नाही अशी प्रत्येकाची खात्री असते आणि चाकाला तर कोणी दोष देत नाही. अमेरिकन इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी 'ऑर्डिनरी मेन', म्हणजे 'सामान्य माणसे', या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही सोय वाचकाला नाकारली आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी या ग्रंथाची पुष्कळ चर्चा केली. वाङ्मयाच्या वाचकाने त्यातून काय घ्यावे, एवढाच प्रश्न आम्ही येथे हाती घेत आहोत.

ग्रंथाचा विषय आहे हँबर्ग शहरातील राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी. माणसे सुमारे पाचशे. शिपायांचे सरासरी वय ३९ वर्षे. बहुतेक गोदीतले व वखारीतले मजूर, मोटार हाकणारे. काही कारकून व विक्रेते. हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच त्यांचे बालपण व तारुण्य सरले होते; म्हणजे नाझी शाळेत घडलेली ही पोरे नव्हेत. जून १९४२ मध्ये ही तुकडी पोलंडमधील लुब्लिन जिल्ह्यात गेली. १३ जुलैच्या पहाटे युझेफुव या गावापाशी मेजर विल्हेल्म ट्राप यांनी डोळ्यांत पाणी आणून तिला हुकूम सांगितला : गावातील ज्यूंपैकी कामाजोगे पुरुष वेगळे काढावेत, स्त्रिया, मुले व वृद्ध यांना गोळ्या घालाव्यात. मग त्यांनी एक अनपेक्षित मुभा दिली. वयस्क शिपायांपैकी ज्यांना हे काम झेपणार नाही त्यांनी रांगेबाहेर यावे! सुमारे डझनभर माणसे बाहेर आली. सायंकाळपर्यंत रानात निदान दीड हजार जीव मारले गेले होते.

दिवसभरात आणखी काहींनी अंग चोरले, काहींनी सुटका मागून घेतली. असे लोक मारेकऱ्यांत शेकडा दहा ते वीस असावेत, असा ब्राउनिंग यांचा अंदाज आहे. उरलेले अखेरपर्यंत गोळ्या झाडत राहिले. न झाडणाऱ्याला कोणतीही भयंकर शिक्षा झाली नाही. पुढे काम वाटून दिले गेले, दारू पुरवली गेली, हात सरावले. १९४३ च्या अखेरीपर्यंत या तुकडीने निदान ३८,००० ज्यूंना गोळ्या घालण्यात भाग घेतला आणि ४५,००० जणांना ट्रेब्लिंकाच्या गाड्यांत चढवले.

'हुकूम होता म्हणून केले' हा बचाव येथे उरत नाही, कारण हुकुमासोबतच सुटकेची वाटही दिली होती. मग माणसे का थांबली? ब्राउनिंग अनेक कारणे तोलतात, पण त्यांच्या उत्तराचा गाभा साधा आहे. रांगेबाहेर पडणे म्हणजे किळसवाणे काम सोबत्यांच्या गळ्यात टाकणे. परक्या मुलखात ज्यांच्यासोबत जेवायचे-झोपायचे, त्यांच्या नजरेतून उतरण्याची भीती त्यांना खून करण्यापेक्षा मोठी वाटली.

या उत्तराला डॅनियल गोल्डहागन यांनी १९९६ साली 'हिटलर्स विलिंग एक्झिक्यूशनर्स' या ग्रंथात कडवा विरोध केला. याच तुकडीच्या जबान्या वाचून त्यांनी निष्कर्ष काढला की जर्मन समाजात मुरलेल्या ज्यूद्वेषामुळे या माणसांना आपले कृत्य योग्यच वाटत होते. हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. सोबत्यांची भीड माणसाला रांगेत का धरून ठेवते हे सांगेल. पण बळी म्हणून कोणाला उभे करायचे हे ती ठरवत नाही, ते द्वेषानेच आधी ठरवलेले असते. तथापि गोल्डहागन सारा प्रश्न एका राष्ट्राच्या मनोरचनेत कोंडतात आणि इतरांना ग्रंथ मिटून निर्धास्त होण्याची मोकळीक देतात. ब्राउनिंग ती देत नाहीत, म्हणून आमचा कौल त्यांच्याकडे आहे.

मात्र एक मर्यादा विसरता येणार नाही. या जबान्या १९६० नंतरच्या दशकात, सरकारी तपासात, मारणाऱ्यांनी दिलेल्या आहेत. मृतांचा आवाज तेथे जवळजवळ नाही. ब्राउनिंग याविषयी सावध आहेत. वाचकानेही असले पाहिजे.

याच जबान्यांतून त्यांनी टिपलेले एक निरीक्षण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. जे रांगेबाहेर आले त्यांतील बहुतेकांनी आपल्या नकाराचे कारण काय सांगितले? हे पाप आहे, असे नव्हे. आपण या कामाला दुबळे आहोत, असे. गोळी घालणारा कणखर आणि न घालणारा दुबळा, ही मारणाऱ्यांची मोजपट्टी त्यांनीही मान्य केली. त्यामुळे त्यांचे हात निष्कलंक राहिले, पण शेजारच्या माणसाला त्यांच्या कृतीतून काही शिकता आले नाही. दुबळेपणाचे अनुकरण कोण करील? नकाराला मानाचा शब्द मिळाला असता, तर बारांचे पन्नास झाले असते की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पण शब्द नसताना ते बाराच राहिले.

हा प्रश्न इतिहासाइतकाच भाषेचा आहे आणि म्हणून वाङ्मयाचाही. आपल्याकडे १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' मध्ये ते दिवस चित्रित केले, ते ज्यांच्यावर आपत्ती कोसळली त्यांच्या बाजूने. पोलंडमधील हत्याकांड आणि ही जाळपोळ यांना एका मापाने मोजणे अनुचित होईल. पण जमावात कोण का गेला, आणि कोण का गेला नाही, हा प्रश्न दोन्हीकडे उभा राहतो. जमावातून मागे फिरलेल्या माणसाला आपणही भित्रा, बायकी, घरभेद्या अशीच नावे ठेवीत आलो आहोत. परप्रांतात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. आज बहुसंख्यांत आणि उद्या अल्पसंख्यांत मोजले जाण्याचा अनुभव त्यांना आहे.

ब्राउनिंग यांचा ग्रंथ सांत्वन करीत नाही, उपदेशही करीत नाही. तो जबान्या तोलून वाचकापुढे ठेवतो. रांगेबाहेर पडणाऱ्या माणसाला दुबळा न म्हणणारी भाषा घडवण्याचे काम त्या ग्रंथाचे नाही. ते कथा-कादंबरीकारांचे आहे, आणि घरात मुलांना बोलायला शिकवणाऱ्या आपणां सर्वांचे आहे.