अंतराळकादंबरीचे संकेत आणि भिलाईची भट्टी

वाङ्मयप्रकाराचे संकेत हे त्याचे दोष नव्हेत. लेखक आणि वाचक यांच्यातील तो एक अलिखित करार असतो. त्या करारात काय गृहीत धरले आहे आणि काय वगळले आहे, हे पाहणे मात्र समीक्षेचे काम होय. इंग्रजीत ज्या कादंबऱ्यांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात, त्यांच्या बाबतीत हे काम पुरतेपणी झालेले नाही. विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये हे नाव दिले ते उपहासाने. पुढे उपहास विरला आणि नाव राहिले.

ई. ई. स्मिथ यांची ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ १९२८ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकातून क्रमशः आली, आणि या प्रकाराचे बहुतेक संकेत तिच्यापासून रूढ झाले. यान प्रकाशाहून वेगाने जाते. त्यामुळे अंतर नाहीसे होते, ग्रह म्हणजे बेट आणि अवकाश म्हणजे समुद्र ठरतो. पुढील लेखकांनी या समुद्रावर साम्राज्ये वसविली. असिमॉव्ह यांनी १९४२ पासून लिहिलेल्या ‘फाउंडेशन’ कथांना तर रोमच्या ऱ्हासाचाच आराखडा आहे. प्रत्येक अस्त्रावर त्याहून मोठे अस्त्र निघते, आणि मोजक्या सोबत्यांच्या हाती विश्वाचे भवितव्य येते. या साऱ्यांमुळे कथेला भव्यता येते, हे नाकारता येणार नाही.

तथापि या भव्यतेत एक रिकामी जागा आहे. यान कोणी घडविले, हा प्रश्न तेथे क्वचितच उद्भवतो. स्मिथ यांच्या कादंबरीत पोलाद येते, पण कटाचे साधन म्हणून: नायकाच्या यानासाठी शत्रुपक्ष सदोष पोलाद पुरवितो. कट उघडकीस आला, की पोलादाचे कथेतील प्रयोजन संपते. याउलट ज्यूल व्हर्न यांच्या १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत फ्लोरिडातील तोफ ओतण्यासाठी बाराशे भट्ट्या पेटतात, आणि गोळा सुटतो तो ग्रंथ संपत आल्यावर. निधी, जागा, धातू, मजूर यांच्या वर्णनातच वाचकाची उत्कंठा वाढत जाते. साहसकथेला श्रम मानवत नाहीत, या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे. ही कादंबरी ‘केरळ कोकिळ’मधून १९०० मध्ये मराठीत अवतरली, म्हणजे मराठी वाचकाने चंद्राची वाट प्रथम भट्टीवरूनच पाहिली.

या दृष्टीने भिलाईचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. सोव्हिएत साहाय्याचा करार १९५५ मध्ये झाला, तेव्हा हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. सेक्टरांत आखलेले नगर उभे राहिले. नाना प्रांतांची आणि भाषांची माणसे, त्यांत मराठी कुटुंबेही, तेथे आली. परग्रहावरील वसाहतीचे चित्र याहून फारसे वेगळे नसते. भेद आहे तो एवढाच, की कादंबरीतला ग्रह बहुधा ओसाड असतो आणि भिलाईची भूमी ओसाड नव्हती. तेथे गावे होती, आणि त्यांची शेती कारखान्याखाली गेली. ‘ओसाड ग्रह’ या संकेताने नैतिक प्रश्न किती सहज टाळला जातो, हे येथे स्पष्ट होते.

मराठी विज्ञानकथेने साम्राज्याचा संकेत बहुतांशी स्वीकारला नाही, हे तिच्या विवेकाचे लक्षण मानावे लागेल. जयंत नारळीकर यांनी ‘वामन परत न आला’ (१९८६) मध्ये लुप्त प्राचीन संस्कृतीचा रूढ संकेत घेतला, पण तो दूरच्या ताऱ्यावर न नेता याच भूमीच्या पोटात ठेवला, आणि विजयाऐवजी यंत्रावर विसंबलेल्या समाजाचा धोका दाखविला. संकेताचे हे खरे रूपांतर होय. परंतु या कथेचा नायक बहुधा शास्त्रज्ञच राहिला. प्रयोगशाळेच्या पलीकडचा कामगार तिच्यातही अनुपस्थितच आहे. साम्राज्य टाळले गेले, तरी भट्टी मिळाली नाही.

हा केवळ विषयाचा अभाव नव्हे. दुरून पाहिले, की साम्राज्य भव्य दिसते. भट्टीजवळून पाहिले, की त्याची किंमत कळते. मराठीत अंतराळाची मोठी कादंबरी व्हायची असेल, तर तिला प्रकाशवेगाहून अधिक गरज आहे ती या जवळून पाहणाऱ्या दृष्टीची. यान ज्याने ओतले आणि ज्याचे शेत त्याखाली गेले, त्या दोघांना तिच्यात नाव आणि वाणी मिळाली पाहिजे. संकेतांचा नुसता अनुवाद करणाऱ्या साहित्याला परके आकाश तेवढे लाभते. स्वतःचे आकाश हवे असेल, तर पाय ज्या भूमीवर आहेत तिचा हिशेब आधी द्यावा लागतो.