संगीतयात्रा आणि वाटाड्या

परदेशी ऑपेरागृहांची मार्गदर्शकासह सफर हा प्रवासव्यवसायाचा एक प्रकार आता चांगलाच रुळला आहे. आठ-दहा दिवस, दोन-तीन नगरे, चार-पाच प्रयोग, निवास, न्याहारी आणि सोबतीस एक जाणकार व्याख्याता, असे त्याचे सामान्य स्वरूप असते. अशा सफरींची माहितीपत्रके आमच्या वाचनात वारंवार येतात. रजा-प्रवास-सवलत देशाच्या सीमेपाशीच थांबते; त्यामुळे आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसाचा या सफरींशी संबंध बहुधा वाचनापुरताच उरतो. परंतु ज्या गोष्टीचा उपभोग घेता येत नाही, तिचा विचार करावयास कोणाची मंजुरी लागत नाही. म्हणून प्रश्न विचारावासा वाटतो तो असा, की ही सफर रसिक घडविते, की केवळ प्रेक्षक वाहून नेते?

माहितीपत्रकांचे गद्यच प्रथम पाहावे. हॉटेलातील खोलीस त्यांत परिच्छेद मिळतो. संगीतकाराच्या वाट्यास नाव आणि वेळ येते. क्रियापद बहुधा ‘पाहा’ हे असते, ‘ऐका’ हे क्वचित. नाट्यगृह हे किल्ला, राजवाडा आणि सरोवर यांच्याच मालिकेतील एक स्थळ होऊन बसते. हा दोष लेखनशैलीचा नव्हे, दृष्टीचा आहे.

सामुदायिक सफरीची कल्पना मुळात हीन नाही. 1841 च्या जुलैत टॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे 500 माणसे एका शिलिंगात आगगाडीने नेली, ती दारूबंदीच्या सभेसाठी. स्थलदर्शन हा त्या प्रवासाचा हेतू नव्हता. एका विचारासाठी माणसे एकत्र निघाली होती. हेतू आधी आणि गाडी नंतर, हा क्रम तेथे स्पष्ट होता. संगीतसफरीचे मूल्यमापन याच क्रमावरून करावे, असे आम्हांस वाटते.

या दृष्टीने बायरॉइट हे गाव अभ्यासण्याजोगे आहे. रिशार्ट वाग्नर याने 1850 च्या सुमारास मित्रांना कळविलेले स्वप्न असे होते, की एक तात्पुरते नाट्यगृह उभारावे, रसिकांना विनामूल्य बोलवावे, तीन प्रयोग करावेत आणि मग ते नाट्यगृह मोडून टाकावे. प्रत्यक्षात 1872 साली पायाभरणी झाली. तीनशे थालरांचे एक, अशी आश्रयदात्यांची हजार प्रमाणपत्रे विकण्याची योजना अपुरी पडली आणि बव्हेरियाचा राजा दुसरा लुटविख याच्या कर्जावर काम तडीस गेले. 1876 च्या ऑगस्टमध्ये ‘निबेलुंगाची अंगठी’ हे चार ऑपेरांचे चक्र प्रथमच सलग सादर झाले. विनामूल्य यात्रेचे स्वप्न पाहणाऱ्याच्या पदरी अखेर मोठी तूट आली आणि पुढील महोत्सवास 1882 साल उजाडावे लागले.

तथापि स्वप्नाचा गाभा वास्तूत उतरला. आसने पंख्याच्या आकारात मांडलेली, प्रत्येकाचे तोंड रंगमंचाकडे. बाजूस बसून एकमेकांकडे पाहावयाचे कक्ष नाहीत. वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खोलगट जागेत झाकलेला, त्यामुळे वादक किंवा संचालक दिसत नाही. दिवे मालवून प्रेक्षागृह अंधारे करण्याचा आग्रहही तेथलाच. म्हणजे ज्या नाट्यगृहाकडे आज माणसे ‘पाहावयास’ नेली जातात, त्याची सारी रचना ऐकणाऱ्याचे पाहणे मर्यादित करण्यासाठी आहे! यापेक्षा मार्मिक टीका या व्यवसायावर दुसरी होणार नाही.

यात्रेकरूंची पोटाची चिंता मात्र कोणत्याही सौंदर्यशास्त्राने टळत नाही. पहिल्या महोत्सवास चायकॉव्हस्की हा मॉस्कोच्या एका वृत्तपत्राचा वार्ताहर म्हणून गेला होता. गावात जेवणाचे एवढे हाल होते, की संगीतापेक्षा लोकांत चर्चा खाण्याच्या पदार्थांचीच अधिक, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. ज्याला मेज राखून ठेवलेले असते, त्याचे चित्त निदान तेवढे मोकळे राहते. सफरीच्या व्यवस्थापकाचे हे श्रेय आम्ही नाकारीत नाही.

बायरॉइटचा दुसरा धडा वेळेचा. चार ऑपेरा मिळून संगीत सुमारे पंधरा तासांचे. पण चक्र साधारणतः सहा दिवसांवर पसरलेले असते, दुसऱ्या आणि तिसऱ्या ऑपेरानंतर एकेक दिवस मोकळा. प्रयोगाच्या दिवशीही दोन अंकांच्या मध्ये सुमारे तासाचा विराम असतो. गायकाच्या गळ्यास विश्रांती हे त्याचे कारण खरे. परंतु श्रोत्याच्या कानासही तीच हवी असते. ऐकलेले मुरावयास वेळ लागतो. जी सफर हा मोकळा दिवस आणखी एका गावाने भरून टाकते, ती श्रोत्याच्या मालकीचे काहीतरी काढून घेते.

उलट, सर्वच ठिकाणी व्याख्यात्याची गरज असते असेही नाही. इटलीतील व्हेरोना येथील रोमन रंगभूमीवर, व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त 1913 साली ‘आईदा’चा प्रयोग झाला आणि उन्हाळी ऑपेराची परंपरा सुरू झाली. उघड्या आकाशाखाली दगडी पायऱ्यांवर बसलेल्या गर्दीस कोणी प्रस्तावना करून देत नाही. सूर, भव्यता आणि शेजाऱ्याचा उत्साह यांवर काम भागते. प्रत्येक कलाकृतीचा स्वतःचा असा दरवाजा असतो. सर्वांस एकच किल्ली लावू नये.

मार्गदर्शक अधिकारी झाला म्हणजे काय होते, याचेही उदाहरण बायरॉइटनेच दिले आहे. 1940 ते 1944 या काळात नाझी राजवटीच्या ‘आनंदातून शक्ती’ या संघटनेने जखमी सैनिक, परिचारिका आणि शस्त्रकारखान्यांतील कामगार यांना तेथे विनामूल्य नेले. प्रवास, निवास, तिकीट आणि प्रयोगापूर्वी व्याख्यान, सारे यथास्थित. वाग्नरचे विनामूल्य यात्रेचे स्वप्न खरे ठरले ते असे विद्रूप होऊन! त्या श्रोत्यांना काय ऐकावे एवढेच नव्हे, तर ऐकून काय वाटावे हेही ठरवून दिलेले होते. 1951 साली महोत्सव पुन्हा सुरू झाला, तेव्हा नातू वीलांट वाग्नर याने रंगमंच जवळजवळ रिकामा केला आणि प्रकाशावर भर दिला. अनेकांस ते रुचले नाही. पण श्रोत्याची कल्पना त्याच्या स्वाधीन करण्याचा तो एक मार्ग होता.

न्यायाचा प्रश्नही उरतोच. 2011 साली जर्मनीच्या केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, सरकारी अनुदान घेणाऱ्या या महोत्सवाची बहुसंख्य तिकिटे खुल्या विक्रीस येत नाहीत, असा आक्षेप घेतला. त्यानंतर प्रवासी कंपन्यांसकट राखीव वाट्यांना कात्री लागली. लेखापरीक्षणाच्या आक्षेपाने कलेचे भले झाले, हे वाचून आमच्या वाचकांपैकी अनेकांस अंमळ आश्चर्य आणि अंमळ समाधान वाटेल.

मग वाटाड्याचे काम कोणते? आपल्याकडची पंढरीची वारी आठवावी. तीही मेळ्याने आणि संगीताच्या संगतीने केलेलीच यात्रा. दिंडीचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेले. पण वारकऱ्यास अभंग वाटेत समजावून द्यावे लागत नाहीत. ते घरून निघतानाच त्याच्या कंठात असतात. संगीतसफरीच्या व्याख्यात्यानेही निघण्यापूर्वीच कथा, संहिता आणि प्रमुख स्वरवाक्ये प्रवाशाच्या कानी घालावीत आणि नाट्यगृहाच्या दाराशी आपण मागे राहावे. प्रयोगानंतरच्या भोजनप्रसंगी ‘काय आवडले?’ हे पुसावे. काय आवडावयास हवे होते, हे सांगू नये.

बदलीच्या नोकरीत परक्या भाषेची सभा आणि परक्या तालाचे गाणे आपणांपैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. प्रथम शेजाऱ्याने अर्थ सांगितला. पुढे एके दिवशी त्याच्याकडे न पाहताच मान डोलली. ती मान आपली स्वतःची होती. ज्या सफरीतून प्रवासी एवढे घेऊन परततो, तिचे शुल्क कितीही असो, ती महाग म्हणू नये; आणि ज्या सफरीतून केवळ छायाचित्रे येतात, ती फुकट मिळाली तरी महागच.