लक्षण कोणाला दिसते?

डेव्हिड स्नोडन यांनी केलेला वृद्ध नन्सचा अभ्यास वाचल्यावर मी ‘अस्तु’ हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपट पुन्हा पाहिला. अमेरिकेतील ६७८ नन्स या अभ्यासात होत्या. दरवर्षी त्यांच्या स्मरणाच्या चाचण्या होत आणि मृत्यूनंतर मेंदू तपासला जाई. त्यांतल्या सिस्टर मेरी १९९३ साली १०१व्या वर्षी वारल्या. चाचण्यांत त्यांना शेवटपर्यंत चांगले गुण मिळत. मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा, म्हणजे पेशींबाहेरचे अमायलॉइडचे साठे आणि पेशींतला टाऊ प्रथिनाचा गुंता, भरपूर सापडल्या. रोग होता, लक्षण नव्हते. शिक्षणाने मेंदूला राखीव बळ मिळते, असे यावर अनेक संशोधक सांगतात.

‘अस्तु’मधले चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) संस्कृतचे पंडित आहेत. त्यांचे विसरणे लेकीला लगेच बोचते, कारण हरवते ते पांडित्य. हत्तीमागे भरकटलेल्या शास्त्रींना माहुताची बायको चन्नम्मा सांभाळते. तिच्या लेखी ते रुग्ण नाहीत, भुकेले लेकरू आहेत. लक्षण पाहणाऱ्याच्या अपेक्षेवरही ठरते, हे चित्रपटाने नेमके पकडले आहे. माझा आक्षेप पुढचा आहे. चन्नम्माच्या स्वतःच्या घरात कोणी विसरू लागले, तर काय होते? तिची माया दाखवून चित्रपट तिथेच थांबतो.

माझे आजोळ शिरूर तालुक्यातले, सासर दौंडचे. शाळेची पायरी न चढलेली आजी शेवटी शेवटी चुलीवर दूध ठेवून विसरायची, तेच तेच विचारायची. मामी मुकाट्याने दूध उतरवायची. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपायचा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांना मात्र गाड्यांच्या वेळा अखेरपर्यंत तोंडपाठ. दोघांच्याही मेंदूत काय होते, ते चितेबरोबर गेले.

सिस्टर मेरींना रोग होता, लक्षण नव्हते. आजीकडे लक्षणे होती, त्यांना रोगाचे नाव नव्हते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे. पण जिवंतपणी कोणी काही विचारलेच नसेल, तर दान केलेला मेंदूही अर्धेच उत्तर देणार. ‘लक्षणे नव्हती’ असे लिहिण्याचा अधिकार वर्षानुवर्षे विचारपूस करणाऱ्याला असतो. आमच्या घरात ती विचारपूस मामीने केली होती. तिला कोणी विचारले नाही, मीसुद्धा नाही.